फ्लशचा सेट बदलायची घाई नको

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही सुदामानगरात राहतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी वेळ बोरिंग. रात्री गच्चीवरची ५०० लिटरची टाकी भरून झोपावं तर सकाळी पाऊणच उरते. कमोडमध्ये सारखी बारीक धार दिसते. प्लंबर म्हणतो, फ्लशचा आतला सगळा सेट बदला. शिवाय कमोडच्या मागची फरशी ओली असते. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, सेट आणायला इतक्यात सियागंजात जाऊ नका. प्लंबरला सगळा सेट बदलणं सोपं जातं, खिसा तुमचा हलका होतो. धार मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिली धरली तरी दिवसाला २८८ लिटर होतात. रात्रीच्या दहा तासांत १२०. तुमची पाऊण टाकी या हिशोबात चोख बसते. आणि हे नर्मदेचं पाणी नदीकाठच्या, ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून आणलेलं!

फ्लशच्या टाकीचं झाकण उचला. आत मधोमध एक उभी नळी दिसेल, तिचं तोंड वर उघडं असतं. पाणी त्या तोंडातून आत सांडत असेल तर दोष बॉलकॉकचा, म्हणजे टाकीत पाणी सोडणाऱ्या तरंगत्या नळाचा: पाणी भरलं तरी तो बंद होत नाही. त्याचा स्क्रू फिरवून तरंगता डबा थोडा खाली घ्या, पाणी नळीच्या तोंडाच्या बोटभर खाली थांबलं पाहिजे. तरी थांबत नसेल तर त्याची जाळी काढून धुवा. गच्चीवरची टाकी तळाला गेली की गाळ थेट तिथे येऊन बसतो.

पाणी नळीच्या खाली थांबलंय आणि तरी कमोडमध्ये धार आहेच? मग दोष टाकीच्या तळाचं भोक बंद ठेवणाऱ्या रबरी वॉशरचा. खात्री करायची तर टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू देऊ नका. (घरात मुलं असतील तर दाराला कडी लावा, त्याशिवाय जमत नाही.) कमोडमध्ये निळं पाणी उतरलं की शंका उरत नाही.

माझा संशय याच वॉशरवर आहे, कारण तुमच्याकडे बोरिंग आहे. त्या पाण्यातले क्षार रबरावर आणि त्याच्या बैठकीवर पांढरे थर धरतात, मग रबर नीट टेकत नाही. अँगल कॉक, म्हणजे फ्लशच्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा. दोन बटणांच्या फ्लशमध्ये मधला भाग बहुतेक वेळा डावीकडे पाव फेरा फिरवला की वर निघतो. खालचा वॉशर काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, बैठकही त्याच व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. फरशीचं ॲसिड मात्र तिथे अजिबात नको. रबर मऊ असेल तर उलटं करून बसवलं तरी चालून जातं. कडक झालं असेल, चिरलं असेल, तर नवं. त्याची किंमत सेटच्या पासंगालाही पुरणार नाही. जुना वॉशर पिशवीत घालून दुकानात न्या. फोटोवरून माप कळत नाही, आणि दुकानदार ‘यही लगेगा भिया’ म्हणून भलताच देतो.

टॉयलेट साफ ठेवणाऱ्या निळ्या गोळ्या टाकीत कायमच्या टाकायची सवय असेल तर ती सोडा, विशेषतः त्यात ब्लीच असेल तर. रबर लवकर जातं.

आता ओली फरशी. हे दुखणं वेगळं असू शकतं. सगळं कोरडं पुसा आणि कमोडच्या मागे वर्तमानपत्र पसरा. फ्लश न करताही भिजलं तर अँगल कॉक किंवा कनेक्शन पाईप पाझरतोय: नट आवळा, गरज पडली तर टेफ्लॉन टेप गुंडाळा. फक्त फ्लश केल्यावरच भिजत असेल तर टाकी आणि कमोडमधला वॉशर किंवा कमोडचा खालचा जोड गेलाय. खालचा जोड असेल तर कमोड उचलावा लागतो, ते प्लंबरचंच काम. तोवर कडेने सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट भरून गळती लपवू नका, पाणी फरशीखाली जाऊन भिंत ओली करेल. प्लंबर येईल त्या दिवशी त्याच्यासमोरच फ्लश करा आणि कागद दाखवा.