लाइकनेस कुठे असतो? : व्यक्तिचित्रकाराला विचारलेले प्रश्न

गेली सत्तावीस वर्षं मी माणसांचे चेहरे रंगवतो आहे. बहुतेक तैलरंगात, बहुतेक मागणीवरून. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नासारखी पत्रं सगळ्यात जास्त येतात, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

वडील गेल्या वर्षी गेले. त्यांचा एकट्याचा फोटो फक्त आधार कार्डावरचा आहे. शिवाय बहिणीच्या लग्नातला एक गटफोटो, त्यात ते मागच्या रांगेत उभे आहेत. एवढ्यावरून तैलचित्र होईल का? (बार्शी)

होईल, पण नुसत्या कार्डावरच्या फोटोवर विसंबून नाही. तो जवळून आणि समोरून उजेड टाकून काढलेला असतो. जवळून काढल्यामुळे नाक असतं त्याहून मोठं दिसतं, कान मागे जातात. समोरच्या उजेडामुळे चेहऱ्यावर सावलीच पडत नाही, आणि सावली नसली की गालाचं हाड किती वर आहे, डोळ्यांची खोबण किती खोल आहे, हे समजायला मार्ग राहत नाही.

तुमचा गटफोटो बारीक असला तरी मला तोच जास्त मोलाचा वाटतो. वडील मान कशी धरायचे, एक खांदा उतरता होता का, टोपी कपाळावर किती खाली यायची, हे त्यात सापडेल. लाइकनेस, म्हणजे चित्र बघून 'हा तोच माणूस' असं वाटणं (आमच्या धंद्यात सगळे हाच शब्द वापरतात), नाकाडोळ्यांत कमी आणि डोक्याच्या ठेवणीत जास्त असतो. रस्त्याच्या टोकाला ओळखीचा माणूस दिसला की त्याचं नाक दिसायच्या आधीच आपण त्याला ओळखतो ना, तसं.

घरातले सगळे फोटो बाहेर काढा, हललेले, अर्धवट कापलेलेसुद्धा. नातेवाइकांच्या फोनमध्ये बारशाचे, वाढदिवसाचे व्हिडिओ असतील तेही मागवा. व्हिडिओत माणूस बेसावध असतो. वडिलांना सख्खा भाऊ असेल तर त्यांना एकदा चित्रकाराकडे घेऊन जा. कानाची पाळी, जबड्याचा कोन आणि कातडीचा रंग या गोष्टी भावाभावांत पुष्कळदा जुळतात. माझी कितीतरी चित्रं अशी काकांना समोर बसवून पुरी झाली आहेत.

आणि घरच्या बायकांना विचारा. एकदा एका आजींचं चित्र मी जवळजवळ संपवलं होतं. मुलगा बघून म्हणाला, "सगळं बरोबर आहे, पण आई नाही वाटत." मी डोळे तपासले, ओठ तपासले, काही सापडेना. मग मागे उभ्या असलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "आईंचं कुंकू कधी मधोमध नसायचं. पहाटे आरशाशिवाय लावायच्या, डाव्या भुवईकडे सरकायचं." रंग ओला होता. मी कुंकू पुसलं आणि सूतभर डावीकडे लावलं. मुलाने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. ती गोष्ट कुठल्याच फोटोत दिसत नव्हती, कारण फोटोच्या वेळी आजी आरशात बघून नीट कुंकू लावून बसत.

काम सुरू होण्याआधी घरात एक मात्र ठरवा: वडील कोणत्या वयाचे हवेत? थोरल्याला चाळिशीतले आठवतात, धाकटीला आजारपणातले. शेवटचा शब्द कुणा एकाचा असू द्या.

फोटोवरून चेहरा बरा येतो, पण माणूस समोर बसवला की गडबडतो. सुरुवात कुठून करावी? (सावंतवाडी, कला महाविद्यालयाचा विद्यार्थी)

डोळ्यांपासून नक्की करू नका. सगळे तिथूनच सुरू करतात, आणि तासाभराने दोन सुंदर डोळे चुकीच्या जागी बसलेले असतात. स्वतःचे डोळे अर्धवट मिटून मॉडेलकडे बघा. उजेडाचा एक तुकडा आणि सावलीचा एक तुकडा, एवढंच दिसेल. ते दोन तुकडे बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर मांडा. पहिला अर्धा तास नाक-डोळे काढायचेच नाहीत. मोठे आकार जागेवर बसले असतील, तर त्या नुसत्या डागांतही माणूस ओळखू येतो.

रंग कमी घ्या. पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा), एवढ्या चार रंगांचं पॅलेट स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यात निळा नाही, तरी काळ्यात पांढरा मिसळला की शेजारच्या उबदार रंगांमुळे तो निळसर वाटतो. आपल्याकडच्या वर्णासाठी मी त्यात बर्न्ट सिएना वाढवतो. कपाळ जरा पिवळसर, गाल, नाक आणि कान लालसर, जबड्याकडे करडेपणा, हे बहुतेक चेहऱ्यांत सापडतं. सावळ्या माणसाच्या कपाळावर जो चमकता उजेड असतो तो नीट बघा. तिथे कातडीपेक्षा खिडकीतल्या आकाशाचा रंग जास्त असतो, म्हणून तो थंड, म्हणजे निळसर लावावा लागतो. तिथे नुसता पांढरा लावला की चेहरा पावडर फासल्यासारखा दिसतो.

मॉडेलला दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठू द्या. त्याआधी पायांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करा. आणि बोलत राहा. गप्प बसवलेल्या माणसाचा चेहरा दहा मिनिटांत ओघळतो.

बसायला माणसं कुठून आणू, असंही तुम्ही विचारलं आहे. घरातूनच. चित्रकार वासुदेव कामत यांना २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकाचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. रोज दिसणारा चेहराच खरा अवघड असतो, कारण आपण तो बघणं सोडून दिलेलं असतं.

नुकतीच स्वतंत्र कामं घ्यायला लागले आहे. पैसे कसे सांगावेत? आणि लोक "थोडं बदला, अजून थोडं बदला" म्हणत राहतात, त्याला काय करावं? (नाशिक)

नुसत्या इंचांवर भाव सांगू नका. चित्रात हात आहेत की नाहीत, हे आधी विचारा. दोन हात म्हणजे जवळजवळ आणखी एका चेहऱ्याचं काम. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र आठवा. कित्येक लोक अजून ते रविवर्म्यांचं समजतात. ज्योतीआड धरलेल्या बोटांमधून लाल उजेड झिरपतो, तिथेच नजर पहिल्यांदा जाते. असे हात घाईने होत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला हे समजावून सांगितलं की पटतं. जरीचं लुगडं, दागिने, मागचं कपाट, या सगळ्याचा वेळ वेगळा धरा.

निम्मे पैसे काम धरताना घ्या आणि उरलेले चित्र स्टुडिओतून हलायच्या आधी. हे मी नुकसान सोसून शिकलो. एका संस्थेला संस्थापकांचं चित्र दिलं, थाटात अनावरण झालं, भाषणात माझं नावही घेतलं गेलं. बाकीची रक्कम हातात यायला अकरा महिने लागले. दर वेळी उत्तर एकच, कमिटीची सभा व्हायची आहे. समोरच्यांची नियत वाईट नव्हती. अनावरण झाल्यावर चित्रकाराची आठवण कुणाला राहत नाही, एवढंच.

बदलांबद्दल: आधी कोळशाने पूर्ण आकाराचं रेखाटन करून दाखवा आणि त्यावर होकार घ्या. त्यानंतर रंगात दोनदा बदल, त्याहून जास्त झाले तर वेगळे पैसे. हे चार ओळींत लिहून दोघांनी सही करायची. पण "काहीतरी चुकलंय" असं कुणी म्हटलं तर लगेच खंतावू नका. काय चुकलंय ते त्यांना सांगता येणार नाही, ओठ म्हणतील आणि चूक हनुवटीत असेल. तरी चूक असते, हा माझा अनुभव. त्या घरच्यांनी तो चेहरा तुमच्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त बघितलेला असतो.

मी काढलेलं एका उद्योजकांचं व्यक्तिचित्र त्यांच्या कंपनीने कॅलेंडरवर छापलं. मला विचारलंही नाही. चित्राचा हक्क माझाच ना? (पुणे)

बहुधा नाही, आणि हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला प्रताधिकार करून घेणाऱ्याकडे जातो. वेगळा करार असेल तरच चित्रकाराकडे राहतो. कलम ५७ प्रमाणे दोन गोष्टी मात्र तुमच्याच राहतात: चित्र तुमचं आहे हे सांगण्याचा हक्क, आणि तुमच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड केली तर हरकत घेण्याचा. कॅलेंडरवर तुमची सही कापली गेली असेल तर तसं लेखी कळवा. पुढच्या कामापासून छपाईचा हक्क कुणाकडे, ही ओळ करारात घालाच.

आजोबांचं तैलचित्र दिवाणखान्यात आहे. पुण्यतिथीला आम्ही हार घालतो, गंध लावतो. या पावसाळ्यात त्यावर पांढरे ठिपके आले. पुसू का? (रत्नागिरी)

ओल्या फडक्याने अजिबात नको. ते ठिपके बुरशीचे असावेत. चित्र उतरवा, हवेशीर कोरड्या खोलीत ठेवा, उन्हात नाही, आणि सुकल्यावर जाणकाराला दाखवा. परत लावताना चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये हवा खेळेल. कोकणातल्या ओल्या भिंतीला चित्र टेकवायचंच नाही.

गंधाबद्दल लिहिताना मला जड जातं, कारण त्यामागची माया मला समजते. तैलचित्रावर काच नसते, त्यामुळे गंध थेट रंगावर लागतं आणि वर्षानुवर्षांनी कपाळावर डाग पडतो. ओला हार कॅनव्हासला टेकतो, उदबत्तीची काजळी चेहऱ्यावर बसते. चित्राखाली एक चौरंग मांडा. हार, गंध, उदबत्ती सगळं तिथे करा, उदबत्ती थोडी लांब. चंदनाचा हार कायमचा घालायचाच असेल तर चौकटीच्या दोन्ही बाजूंना खिळे मारून असा सोडा की कॅनव्हासला शिवणार नाही.

चित्र नवं असेल तर आणखी एक. तैलरंग वरून सुकलेला वाटला तरी आतून सुकायला कित्येक महिने लागतात, म्हणून शेवटचं वार्निश सहा महिन्यांनी ते वर्षाने द्यायचं असतं. चित्रकाराचा त्यासाठी फोन आला की चार दिवस भिंत मोकळी राहील म्हणून टाळू नका, चित्र पाठवून द्या.