जमिनीचा कल मोजायचा म्हणते, पण त्यावर पोट भरेल?

स.न.वि.वि.

पत्र मिळालं. मुलगी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ‘जमिनीचा कल मोजणारे सेन्सर बनवायचे’ म्हणते, आणि तुम्हाला हे खूळ वाटतं. तुम्ही गवंडी आहात, म्हणून पाणसळीपासूनच सांगतो.

पाणसळीतला बुडबुडा जे दाखवतो तेच तिला मोजायचं आहे. फक्त किती बारीक, ते पाहा. हजार किलोमीटर लांबीच्या तुळईचं एक टोक एक मिलिमीटर उचललं, तर येणारा कल म्हणजे एक नॅनोरेडियन. तिला तिथपर्यंत पोचायचंय.

एवढं कशाला? तुमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होते आहे. केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी मंजूर केले. तिथले आरसे जमिनीच्या हालचालीपासून अलग ठेवावे लागतात, आणि त्यासाठी ती हालचाल आधी मोजावी लागते. पण जमीन आडवी सरकली की कलली, हे साध्या भूकंपमापकाला कळतच नाही. आतलं वजन दोन्ही वेळा सारखंच ढळतं. हालचाल जितकी संथ, तितकी ही फसगत मोठी. दहा सेकंदांच्या लाटेत एक नॅनोरेडियन कल २५ नॅनोमीटर सरकल्यासारखा दिसतो, शंभर सेकंदांच्या लाटेत त्याच्या शंभरपट! अमेरिकेत लायगोच्याच हॅनफोर्डच्या वेधशाळेत वारा भिंती ढकलतो आणि फरशी कलते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने त्यासाठी अतिशय पातळ धातूपट्ट्यांवर लांब दांडा टांगला, तराजूच्या दांडीसारखा. जमीन कलते, दांडा जागीच राहतो; दोघांतला कोन प्रकाशाने वाचतात.

आता पोटाचं. नुसत्या या सेन्सरवर नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे लपवत नाही. पण टिल्टमीटर, म्हणजे कल मोजणारी यंत्रं, धरणांना, मेट्रोच्या बोगद्यांना, दरडींच्या डोंगरांनाही लागतात, आणि सूक्ष्म मापनाचा हात बसलेला इंजिनिअर कुठेही हवाच असतो. तिला इंजिनिअरांची ‘गेट’ (GATE) परीक्षा द्यायला सांगा. त्या गुणांवर अणुऊर्जा विभागाच्या प्रशिक्षण शाळेची मुलाखत मिळू शकते, आणि निवड झाली तर शिकतानाच विद्यावेतन. लायगो-इंडियात सहभागी असलेली इंदूरची आरआरकॅट ही संशोधन संस्था याच विभागाची.

त्याआधी या सुट्टीत तिने घरीच एक लंबक करावा: वजन, आरसा, स्वस्तातला लेझर. महिनाभर नोंदी. पहिले काही दिवस तिला जमीन दिसणारच नाही, उन्हाने तापलेली भिंत दिसेल. ऊन कोणतं, रस्त्यावरचा ट्रक कोणता, जमीन कोणती, हे निवडण्यातच या कामाचा बहुतेक वेळ जातो. त्यात ती रमली, तर अडवू नका.

लंबकाची बैठक मात्र तुम्हीच बांधून द्या. खालच्या मजल्यावर, उन्हाच्या भिंतीपासून लांब, पाया खोल घेऊन.