बेटाचं सोंग घेऊन जपान्यांना चुकवणारं जहाज खरंच होतं का? त्याचं पुढे काय झालं?

हो, शंभर टक्के खरं. नाव 'अब्राहम क्राइनसेन', डच नौदलाचं जेमतेम ५६ मीटर लांबीचं माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज.

फेब्रुवारी १९४२ अखेर जावा समुद्राच्या लढाईत दोस्तांचं आरमार पार मोडलं आणि जावाच्या सुराबाया बंदरात उरलेल्या जहाजांना ऑस्ट्रेलिया गाठा असा हुकूम आला. याच्याकडे एक तीन इंची तोफ आणि दोन ऑर्लिकॉन (छोट्या विमानविरोधी तोफा), वर आकाश सगळं जपानी विमानांचं. मग खलाशांनी बेटांवरची झाडं तोडून अख्खं जहाज फांद्यांनी झाकलं, जे उघडं राहिलं ते खडकासारखं रंगवलं. पण नुसत्या झाडांनी काही झालं नसतं, कारण बेट हलताना दिसलं की संपलंच, म्हणून दिवसभर किनाऱ्याला चिकटून नांगर टाकून गप्प पडून राहायचं आणि अंधार पडला की निघायचं. असं करत २० मार्चला ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटनला पोचले. त्याच जातीचं 'यान फान आम्स्टेल' मात्र जपानी विनाशिकेने बुडवलं.

बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात, ते मला पटत नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये ते ऑस्ट्रेलियन नौदलात गेलं, पाणबुड्यांपासून काफिले सांभाळायच्या ड्युटीवर. डच माणसं थोडीच उरली होती, बाकी ऑस्ट्रेलियन आणि 'ज्युपिटर' या ब्रिटिश विनाशिकेवरून वाचलेले. ज्युपिटर बुडाली होती ती सुरुंगावर आदळून, म्हणजे त्यातून वाचलेली पोरं परत माइनस्वीपरवरच चढली, याचं मला फार कौतुक वाटतं.

मे १९४३ ला जहाज पुन्हा डचांकडे आलं. आणि १९४५ ला तिमोरमधल्या जपान्यांची शरणागती घ्यायला ऑस्ट्रेलियन तुकडी येणार होती, तेव्हा आधी कुपांग बंदरातले सुरुंग यानेच काढले. हे काम कसं असतं बघा, मागे पाण्यात लांब वायर ओढत जायचं, सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा दोर त्या वायरवरच्या कटरने तुटतो, सुरुंग वर येतो, मग लांबून गोळ्या घालून तो फोडायचा किंवा बुडवायचा. आणि हे करताना जहाज स्वतः त्याच पाण्यात! ज्यासाठी बांधलं ते काम हे, बेटापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

पुढे मायदेशी परत, १९६० च्या सुमारास निवृत्ती, मग सी कॅडेट्सच्या (नौदलाच्या धर्तीवरच्या युवक संघटनेच्या) पोरांचं ट्रेनिंग. १९९५ पासून नेदरलँड्समधल्या डेन हेल्डरच्या नौदल म्युझियममध्ये आहे, युद्धकाळातल्या रूपात.