हिशेब कागदापासून सुरू होतो

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षेतली उदाहरणं सुटतात, पण खऱ्या बिलांचा गठ्ठा समोर आला की कोणतं खातं नावे (डेबिट) टाकायचं तेच सुचत नाही. प्रत्यक्ष कामातून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : परीक्षेतलं अर्धं काम पेपर काढणाऱ्यानंच केलेलं असतं. ‘माल उधार विकला’ असं तो लिहूनच देतो. बिलावर तसं लिहिलेलं नसतं. ते ओळखायचा सराव वर्गात फार कमी होतो, आणि तुमची अडचण तिथेच आहे.

एखाद्या लहान व्यवसायाचे महिनाभराचे कागद मिळवा, नावं झाकून घ्या. पन्नास-साठ व्यवहार पुरेत. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं लिहा : तारीख, काय आलं, काय गेलं. मग रोजकीर्द (तारखेनुसार नोंद), खतावणी (त्याच नोंदी खात्यांनुसार), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिल्लका मांडून दोन्ही बेरजा जुळवणं). पहिल्या खेपेला हे वहीतच करा. सॉफ्टवेअर खतावणी आपोआप करतं, त्यामुळे एका नोंदीचे दोन पाय, एक नावे आणि एक जमा (क्रेडिट), कुठे पडतात ते डोळ्यांना दिसत नाही.

तेरीज बहुधा जुळणार नाही. लगेच सगळं पुन्हा लिहायला बसू नका. फरकाला ९ नं भाग जातो का बघा. जात असेल तर आकडे उलटे पडल्याची शक्यता मोठी. ५४०० चे ४५०० झाले की फरक ९०० येतो. नाहीतर फरक निम्मा करून ती रक्कम शोधा : ३५० ची नोंद नावेऐवजी जमेला गेली, तर फरक ७०० दिसतो.

आणि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं मात्र नाही. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खात्यावर टाकला तरी ती जुळतेच. फक्त खर्च मालमत्तेत जाऊन बसतो आणि त्या वर्षीचा नफा फुगतो. पूर्ण सुटलेली नोंदही ती दाखवत नाही. म्हणून शेवटी बँकेचा उतारा घेऊन रोकडवहीशी ओळीनं ओळ जुळवा. दिलेले पण न वटलेले चेक, बँकेनं परस्पर कापलेले आकार, जमा झालेलं व्याज, बहुतेक फरक यांतच सापडतात. आपल्या वहीत नावे दिसणारी शिल्लक बँकेच्या उताऱ्यात जमेला असते, कारण ती बँकेची वही आहे आणि तुमचे पैसे हे बँकेचं देणं असतं. इथे बरेच जण अडखळतात.

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं, त्यात अनुभवानंतर लगेच त्यावर विचार करणं येतं. इंटर्नशिपमध्ये नेमकं हेच राहून जातं. रोज दहा मिनिटं लिहा : आज कोणती चूक झाली, ती कशी सापडली.

प्रश्न : आमच्या गटानं प्रकल्प म्हणून छोटा व्यवसाय चालवला. नफा निघाला, तरी पुरवठादाराला द्यायला पैसे नव्हते. असं कसं?

उत्तर : उधारीच्या मुदती तपासा. समजा ८० हजारांचा माल ३० दिवसांच्या उधारीवर घेतला आणि लगेच १ लाखाला ६० दिवसांच्या उधारीवर विकला. विक्री झाली त्याच दिवशी वहीत २० हजारांचा ढोबळ नफा दिसतो, पण तिसाव्या दिवशी ८० हजार द्यायचे असतात आणि तोवर ग्राहकाकडून काहीच आलेलं नसतं. पुढच्या वेळी नफा-तोटा पत्रकाच्या जोडीला १३ आठवड्यांचा रोख अंदाज करा : आरंभीची शिल्लक, त्या आठवड्यात खरोखर हातात येणारी रक्कम, जाणारी रक्कम, अखेरची शिल्लक. घसारा (वापरानं यंत्रासारख्या वस्तूंची घटणारी किंमत) यात धरू नका, त्यात रोख जात नाही. ज्या आठवड्यात अखेरची शिल्लक उणे दिसेल, त्याच्या आधीच पुरवठादाराशी मुदतीचं बोलून घ्या.