पुणे–नागपूर : विमानाने जाऊ की रेल्वेने?

प्रश्न : मी कोथरूडला राहते. आई-बाबा नागपूरला धंतोलीत असतात. बाबांची बायपास झाल्यापासून दर महिन्याला एक शनिवार-रविवार तिकडे जाते. विमानाने जाऊन-येऊन 10,000 लागतात, थर्ड एसीने 3,500. हातात पगार 82,000 येतो, घराचा हप्ता 31,000. नवरा म्हणतो, रेल्वेने जा आणि वाचलेले एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) टाक. काय करू?

उत्तर : तुमच्या यजमानांचं गणित बरोबर आहे. महिन्याला 6,500 रुपये आणि 10 टक्के परतावा धरला (हमी कुणीच देत नाही), तर 10 वर्षांत 13 लाखांच्या वर जमतात. पण या हिशेबात तुमची सोमवारची रजा धरलेली नाही.

आधी वेळ बघू. पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे 600 किमी, विमानाला सव्वा ते दीड तास लागतो. घरापासून घरापर्यंतचा प्रवास मात्र वेगळा. मागच्या खेपेला मी वेळा वहीत टिपून ठेवल्या होत्या : कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतून कॅब 4.05, लोहगाव विमानतळ 4.50, विमान सुटलं 6.20, नागपूरला उतरलो 7.45, बॅग हातात पडून धंतोलीत पोचेपर्यंत 8.30. जवळजवळ साडेचार तास, तेही पहाटे रस्ते मोकळे असताना. रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ करत जवळपास 880 किमी जाते. रात्रीच्या गाडीला 14-15 तास लागतात, पण त्यातला बराचसा वेळ झोपेत जातो. ऑगस्ट 2025 पासून वंदे भारत आहे, 12 तासांची. ती दिवसा धावते, म्हणजे तुमचा अख्खा शनिवार गाडीतच जाईल. तुमच्या कामाची नाही.

म्हणून माझा सल्ला : शुक्रवारी जाताना रात्रीची गाडी, येताना विमान. रेल्वेने परतलात तर एकतर रविवारी दुपारीच आईचा निरोप घ्यायचा, नाहीतर सोमवारी अर्धा दिवस रजा टाकायची. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं; त्याच दिवशी परतीचं विमानही बघून ठेवा.

असं केलंत तर महिन्याला सव्वातीन हजार वाचतील. ते लगेच एसआयपीत टाकू नका. आधी लिक्विड फंडात (पैसे चटकन काढता येतात असा म्युच्युअल फंड) 40,000 साठवा, फक्त अचानक जावं लागलं तर तिकिटासाठी. बायपास झालेल्या माणसाच्या घरून रात्री फोन आला की आपण तिकिटाचा भाव बघत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मी क्रेडिट कार्डावर तिकिटं काढली आणि पुढचे चार महिने व्याजासकट फेडत बसलो. वर्षभरात ही रक्कम जमेल, मग खुशाल एसआयपी सुरू करा. आणि बाबांची तब्येत नरम असेल त्या महिन्यात दोन्ही वेळा विमानानेच जा, यजमानांना हे आत्ताच सांगून ठेवा.

परतताना विमान संध्याकाळी लवकर उतरणारं मिळालं, तर लोहगावहून रामवाडीपर्यंत रिक्षा आणि तिथून वनाजपर्यंत मेट्रो घ्या. कॅबचे बरेच पैसे वाचतील.