अभिनयासाठी मुंबईत येतोयस, तर आधी पैशाचं गणित

पुरुषोत्तम करंडक, म्हणजे पुण्याची ती कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, गाजवलीस, कौतुक आहे. पण मुंबईत ते पहिल्या ऑडिशनपुरतंच पुरतं, तेही समोरचा पुण्याचा असेल तर!

मालिकेत पैसे दिवसावर ठरतात आणि हातात बहुधा नव्वद दिवसांनी पडतात. म्हणजे जूनमध्ये शूट केलंस तर भाडं सप्टेंबरपर्यंत स्वतःच्या खिशातून. माझ्या पहिल्या मालिकेचे अकरा दिवसांचे पैसे अजून यायचेत. ती बंद पडली आणि निर्मात्याचा फोनही. तेव्हापासून दिवसाचा दर, महिन्याला किमान किती दिवस, हे कागदावर घेतल्याशिवाय मी मेकअपला बसत नाही.

नाटक सोडू नकोस. प्रयोग संपला की विंगेत नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट मिळतं, आणि आवाज तयार राहतो तो वेगळाच फायदा. त्याच आवाजावर डबिंग मिळव. माझं घर दोन वर्षं डबिंगवरच चाललं. लोकांना चेहरा मात्र 'ती वहिनीच्या भावाची भूमिका' म्हणूनच आठवतो, असो.

नोकरी असेल तर लगेच राजीनामा नको. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं करायचेच की. आणि हो, ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिर.