आईची घडीची व्हीलचेअर वर्षभरात जड झाली आहे, एका बाजूला ओढते आणि ब्रेक लावूनही सरकते. दुकानदार नवीन घ्या म्हणतो. दुरुस्त होईल का?

बहुतेक होईल. मी स्वतः बरीच वर्षं व्हीलचेअर वापरते. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी बऱ्याचदा मागच्या टायरमधली हवा आणि पुढची छोटी चाकं, एवढ्यावरच येऊन थांबतात. फ्रेम धड असेल तर नव्या खुर्चीचा विचार इतक्यात करू नका.

आधी हवा बघा. ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा एक दांडा. हवा कमी झाली की टायर बसतो, दांडा पुरता टेकत नाही आणि खुर्ची सरकते. ढकलायला जड लागते तेही त्यामुळेच, आणि दोन टायरमध्ये हवा कमीजास्त असेल तर एका बाजूला ओढते. किती हवा भरायची तो आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो. आधी हवा भरा, मगच ब्रेकचे बोल्ट सैल करून तो पुढेमागे सरकवा. बसलेल्या टायरवर ब्रेक जुळवला, तर हवा भरल्यावर तो इतका घट्ट होतो की लावताच येत नाही. तुमचे टायर भरीव रबराचे असतील तर हवेचा प्रश्न नाही. मग टायर झिजलाय का आणि ब्रेकचा बोल्ट सरकलाय का ते पाहा.

आता पुढची चाकं. आई खुर्चीत नसताना खुर्ची मागे कलती करा आणि चाकाला बोटाने एक फटका द्या. ते आवाज न करता थोडा वेळ फिरत राहिलं पाहिजे. अर्ध्या फेरीत थांबलं तर चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा यांच्यामधल्या फटीत बॅटरी मारून बघा. केस, दोरे, साडीचे धागे यांची घट्ट वळी अॅक्सलभोवती, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याभोवती, बसलेली दिसेल. थोडी असेल तर बारीक कात्रीने निघते. आत गेली असेल तर अॅक्सलचा बोल्ट काढावा लागतो. तो काढताना वॉशर कोणत्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढून ठेवा. एखादा वॉशर इकडचा तिकडे बसला तर चाक चिमट्याला घासत राहतं.

साफ करूनही चाक खरखरत असेल तर बेअरिंग गेलं. दोन्ही बाजूंनी झाकलेल्या (सीलबंद) बेअरिंगवर गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. बऱ्याच खुर्च्यांच्या छोट्या चाकांत ६०८ नंबरचं, म्हणजे ८ मिमी भोकाचं बेअरिंग असतं. ते स्केटिंगच्या चाकांतही वापरतात, त्यामुळे सहज मिळतं.

दुरुस्तीसाठी कुणाकडे जायचं? पंक्चर, ट्यूब, सैल आरे, बेअरिंग ही कामं सायकलवाला व्यवस्थित करतो. फक्त टायर घेताना जपा. दोन्हींवर २४ इंच लिहिलेलं असतं, पण व्हीलचेअरचा टायर बऱ्याचदा ५४० मापाचा (रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिमीमध्ये) असतो आणि गिअरच्या सायकलचा ५०७ मापाचा. तो बसत नाही. जुन्या टायरवरचा पूर्ण आकडा उतरवून न्या.

आणि माझं आग्रहाचं सांगणं: शक्यतो खुर्ची दुरुस्तीला देऊ नका, चाक काढून द्या. खुर्ची चार दिवस दुकानात अडकली की ते चार दिवस माणूस पलंगावर अडकतो. दुकानदाराला हे जाणवेलच असं नाही. मागच्या चाकाच्या मधोमध बटण असेल तर ते दाबलं की चाक निघतं. एक ट्यूब आणि पुढच्या चाकांची एक जोडी घरात जास्तीची ठेवली तर काम त्याच दिवशी भागतं.

फ्रेमला तडा असेल तर मात्र वाट बघू नका. घडीच्या खुर्चीखाली दोन दांडे फुलीसारखे एकमेकांवरून जातात, तो जोड आणि त्याचा बोल्ट नीट तपासा. अॅल्युमिनियमची फ्रेम कुणाकडूनही वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचा धातू कमजोर होतो आणि खुर्ची माणसासकट कोसळू शकते. इथे खुर्ची बनवणाऱ्या कंपनीलाच गाठा.

सीटचं कापड झोळीसारखं लोंबत असेल तर तेही बदलून घ्या. कंबर एका बाजूला कलते, सगळा भार एकाच हाडावर येतो आणि तिथे जखम होऊ शकते.

काम झालं की पैसे देण्याआधी आईंना खुर्चीत बसवा आणि थोड्या उतारावर दोन्ही ब्रेक लावून बघा. तुम्ही मागे हँडल धरून उभे राहा. रिकामी खुर्ची थांबली म्हणजे माणूस बसल्यावरही थांबेल असं नाही.